आठवे अक्षर

मंगळवार, रात्रपाळीनंतर

त्या मुलाने माझे वाक्य पुरे केले, घडले ते एवढेच. पण तीन दिवस झाले तरी त्याचा तो कंटाळलेला स्वर माझ्या कानातून जात नाही.

रस्त्यावर झडती घेण्याआधी समोरच्याला काय काय सांगायचे, हे लक्षात राहावे म्हणून आम्हा ब्रिटनमधल्या शिकाऊ पोलिसांना ‘गोवायझली’ (GOWISELY) हा आठ इंग्रजी अक्षरांचा मंत्र शिकवला आहे. संशयाचे कारण, कशाचा शोध, साध्या वेशात असल्यास ओळखपत्र, आपले नाव, आपले ठाणे, नोंदीची प्रत मिळण्याचा हक्क, कायद्याचा आधार, आणि सर्वांत शेवटी ‘झडतीपुरते तुम्हाला थांबवून ठेवले आहे’. पोळ्या लाटताना आणि बसमध्ये मी तो इतका घोकला होता की शनिवारी बसथांब्यापाशी पहिली सात अक्षरे सुरळीत पार पडली. १९८४ च्या ‘पेस’ कायद्याचे, म्हणजे पोलिसांचे अधिकार ठरवणाऱ्या कायद्याचे, पहिले कलम उच्चारले आणि आठव्यावर जीभ अडली. तेव्हा जॅकेटची चेन स्वतःच खाली ओढत तो म्हणाला, “आणि मला झडतीपुरतं थांबवून ठेवलंय.” सतरा-अठरा वर्षांचा असेल.

खिशातून निघाले ते हेडफोनचे एकच बोंडूक, बसचे तिकीट आणि आधीच्या कुठल्याशा झडतीची चुरगळलेली पावती.

गाडीत बसल्यावर माझा ट्यूटर, म्हणजे मला काम शिकवणारा अनुभवी शिपाई, “शेवटचं विसरू नकोस” एवढेच म्हणाला. मला वाटलेली लाज विसरल्याचीच आहे, असे रविवारपर्यंत मीही धरून चालले होते. एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर वर्गात बसायचे, रात्रपाळी करून सकाळी निबंधाला बसायचे, पोलिसाच्या पदवीसाठी तीन वर्षे उमेदवारीत काढायची, आणि एवढे करून भर रस्त्यात एका पोराने चूक दाखवायची! पदवीविना भरतीचा नवा मार्ग निघाला तो २०२४ मध्ये, मी अर्ज करून बसल्यावर. आप्पांना यातले काही सांगितलेले नाही. ते काय म्हणतील ते मला पाठ आहे.

पण पाठ असणे हेच तर सलते आहे. मी ते शब्द परीक्षेसाठी पाठ केले. त्याला ते कोणी पाठ करायला सांगितले नव्हते. संशयाचे कारण माझ्याकडे होते, रेडिओवर सांगितलेल्या वर्णनात राखाडी जॅकेट होते, कायद्याने मी चुकले नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावते, आणि दर वेळी त्याचा हात माझ्या सांगण्याआधीच चेनकडे जाताना दिसतो. मला लाज वाटली ती बहुधा त्या हाताच्या सवयीची.

शुक्रवारपर्यंत पोर्टफोलिओत चिंतन भरायचे आहे: काय घडले, काय वाटले, पुढच्या वेळी वेगळे काय कराल. तिसऱ्या रकान्यात मी आधी ‘पाठांतर पक्के करीन’ असे लिहिले आणि मलाच हसू आले, कारण पाठांतराचीच परीक्षा असती तर पदवी त्या मुलालाच द्यावी लागली असती. ते खोडून ‘थांबवण्याआधी कारण पुन्हा एकदा तपासून पाहीन’ असे लिहिले. तेही ट्यूटरला आवडेल असेच आहे, पण निदान खोटे नाही.

निघताना मी त्याला पावती दिली. त्याने ती वाचली नाही. जुनी पावती उलगडली, नवी तिच्यात नीट घडी घालून ठेवली आणि दोन्ही त्याच खिशात सारल्या.