उपास नव्हे, उपाशी

पोटाच्या दुर्बिणीच्या (एंडोस्कोपीच्या) विभागात काम करू लागल्याला मला आता १४ वर्षे झाली. गेल्या महिन्यात सर्जिकल वॉर्डातून दोन सिस्टर आमच्याकडे बदलून आल्या आणि त्यांना काम दाखवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. दुर्बीण हातात कधी मिळणार, याची त्यांना उत्सुकता होती. मी मात्र पहिले चार दिवस त्यांना बाहेरच्या बाकावर रुग्णांशेजारी बसवून प्रश्न विचारायला लावले. त्या मनातून नाराज झाल्या असाव्यात. या कामातील निम्मे कौशल्य त्या बाकावरच लागते, हे मला स्वतःला कळायला मात्र एक साबुदाण्याची खिचडी कारणीभूत झाली होती.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली ती गोष्ट. साठी ओलांडलेल्या एका मावशींना मी आदल्या दिवशी “उद्या सकाळी उपाशी या” असे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी “काही खाल्ले नाही ना?” या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “नाही हो, माझा गुरुवारचा उपासच आहे.” मी फाईलवर खूण केली. दुर्बीण जठरात उतरली आणि पडद्यावर साबुदाण्याचे टपोरे, अर्धपारदर्शक दाणे तरंगताना दिसले. डॉक्टरांनी तत्काळ दुर्बीण बाहेर काढली, कारण भरल्या पोटी उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली असती तर प्रकरण जिवावर बेतले असते. मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. चूक माझ्या प्रश्नात होती. तेव्हापासून मी “खाल्ले का?” असे विचारतच नाही. शेवटचा घास किती वाजता घेतला आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला, असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारते, आणि त्यानंतर चहाचे नाव घेऊन पुन्हा विचारते, कारण आपल्याकडे चहा हा खाण्यातही धरला जात नाही आणि पिण्यातही. घन पदार्थांनंतर किमान सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात. दुधाचा चहा मात्र पाण्यात मोडत नाही. जुन्या मधुमेहात जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे तेथे एवढा वेळही पुरेलच असे नाही. अलीकडे साखरेसाठी किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची जी इंजेक्शने आली आहेत, त्यांनीही जठराचा वेग मंदावतो, म्हणून त्यांची चौकशी आता आमच्या यादीत आली आहे. कवळी काढली का आणि सकाळची मिश्री लावून तोंड नीट धुतले का, हेही विचारावे लागते.

रक्त पातळ होण्याच्या गोळीचा प्रश्न याहून नाजूक असतो. काही जण ती न सांगता घेत राहतात, तर काही जण शेजाऱ्याच्या सल्ल्याने परस्पर बंद करून येतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) असलेल्या माणसाने असे करणे हे पोटातून थोडे रक्त येण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे असते. ती गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, आणि ती चालू आहे हे डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम असते. शौचाच्या रंगाबद्दल तर शब्द जपून निवडावे लागतात. “काळी होते का?” असे विचारले की लोहाच्या गोळ्या घेणारी प्रत्येक बाई होकार देते. डांबरासारखी चिकट, पाणी ओतूनही भांड्याला धरून राहणारी आणि उग्र वासाची होते का, असे विचारले म्हणजे आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव आहे की नाही, याचा अंदाज येतो. हे बोलताना आपण संकोचलो की समोरची बाई गप्प होते. म्हणून मी नव्या सिस्टरांना आधी हे शब्द स्वतःच्या तोंडी बसवायला सांगते.

मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी पोट साफ करण्याची पावडर पाण्यात कालवून, अर्धी आदल्या रात्री आणि अर्धी पहाटे प्यावी लागते. पहाटेचा भाग टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो आणि नेमक्या त्याच भागावर आतड्याची उजवी बाजू स्वच्छ दिसणे अवलंबून असते. पेरू, टोमॅटो आणि तिळाची चटणी दोन-तीन दिवस आधीपासून बंद ठेवायला सांगतो, कारण एक बी दुर्बिणीच्या नळीत अडकली की सक्शन, म्हणजे आतले पाणी ओढून घेणे, बंद पडते. तयारी झाली की नाही, याची खूण मी एकच सांगते : शेवटच्या वेळी भांड्याचा तळ दिसला पाहिजे.

आत गेल्यावर सिस्टरचे डोळे पडद्यावर नव्हे, तर रुग्णाच्या छातीवर असायला हवेत. पडद्यावरचे चित्र मोह घालणारे असते, हे खरे. पण झोपेचे औषध दिल्यावर आणि नाकात ऑक्सिजन चालू असताना, श्वास मंदावला तरी बोटावरच्या यंत्रातील ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसत राहतो; तो घसरेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय. मिडॅझोलाम या झोपेच्या औषधाचा परिणाम उलटवणारे फ्लुमॅझेनिल हाताशी ठेवायचे असते. त्याचा असर मात्र मूळ औषधाच्या आधी ओसरतो आणि शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून अशा रुग्णाला लवकर घरी सोडायचे नसते.

पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ, कापताना तारेचा फास सिस्टरच्या हातात असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डॉक्टर जागा दाखवतात आणि मूठ आपण आवळतो. घाईने आवळली तर विजेने रक्तवाहिनी बंद होण्याआधीच देठ तुटतो आणि रक्त वाहू लागते. फारच हळू आवळली तर उष्णता खोलवर जाते. तारेने मांस धरल्याचा तो हलका ताण बोटांना ओळखता आला पाहिजे, आणि तो शब्दांत शिकवणे मला अजून जमलेले नाही.

तपासणीसाठी चिमट्याने मांसाचे तुकडे घेतल्यानंतरच्या कामात मी स्वतः एक चूक केली आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते, त्या भागात एका तरुण रुग्णाला व्रण होते. आपल्याकडे असे व्रण दिसले की क्षयरोग आहे की क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), हा प्रश्न हमखास उभा राहतो आणि त्यासाठी काही तुकडे सलाइनमध्ये घालून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवायचे असतात. मी सवयीने सगळेच तुकडे फॉर्मॅलिनच्या, म्हणजे मांस टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत टाकले. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे कल्चर करता आले नाही आणि त्या मुलाला पुन्हा पावडर पिऊन, पुन्हा पैसे भरून तपासणीला यावे लागले. आता दोन्ही बाटल्यांवर नावे लिहून झाल्याशिवाय मी चिमटा हातात घेत नाही. जठरातील हेलिकोबॅक्टर हा जंतू शोधण्याच्या चाचणीतही हाच धडा लागू पडतो : फॉर्मॅलिनला लागलेला चिमटा, जंतू असल्यास गुलाबी होणाऱ्या त्या पिवळ्या जेलीला टेकवला तर, जंतू असूनही ती गुलाबी न होण्याची शक्यता राहते.

तपासणी संपली की धुण्याचे काम सुरू होते, आणि माझ्या मते विभागाची खरी परीक्षा तिथेच होते. जठराच्या दुर्बिणीतील चिमटा जाण्याची नळी साधारण २.८ मिलिमीटर रुंदीची असते. तिच्यात रक्त किंवा मल वाळला की जंतूंचा असा थर बसतो, ज्यापुढे नंतरचे कोणतेही रसायन हतबल ठरते. म्हणून दुर्बीण रुग्णाच्या तोंडातून बाहेर येताक्षणी, तिथल्या तिथे, साबणाचे पाणी नळीतून ओढून घ्यायचे असते. त्यानंतर गळतीची चाचणी होते. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून फुगे पाहतात, तशीच ही परीक्षा आहे : आत हवा भरायची, दुर्बीण पाण्यात बुडवायची, टोक चारही बाजूंना वाकवायचे आणि वाट पाहायची. एखादा बारीक फुगा सावकाश वर आला तर ती दुर्बीण त्या दिवशी बाद. मग एन्झाइमचा साबण, आणि ब्रश पलीकडून स्वच्छ बाहेर येईपर्यंत नळी घासणे. त्यानंतरच आमच्याकडे दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात २० मिनिटे बुडवून ठेवतात, आणि द्रावणाची ताकद पट्टीने तपासून नोंदवतात. शेवटी स्वच्छ पाणी, सत्तर टक्के अल्कोहोल, हवेने वाळवणे आणि कपाटात उभी टांगणे. बाहेर रांग वाढली की यातील पाच मिनिटे वाचवण्याची विनंती कोणीतरी करतेच. अशा वेळी नाही म्हणता येणे, हाही या कामाच्या पात्रतेचाच भाग आहे.

यकृताच्या रुग्णांबाबत नातेवाइकांचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे. “दिवसभर झोपतात आणि रात्री जागतात” असे पत्नीने सांगितले की मी रुग्णाला कागदावर सही करायला देते आणि जुन्या फाईलमधील सहीशी ताडून पाहते. यकृताच्या आजाराचा मेंदूवर परिणाम होऊ लागल्याचे पुष्कळदा तिथेच दिसते. अशा रुग्णांना दिल्या जाणाऱ्या लॅक्टुलोज या पातळ औषधाने जुलाब होतात म्हणून घरचे लोक ते परस्पर बंद करतात. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होणे हाच त्या औषधाचा हेतू आहे, हे प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगावे लागते.

पित्तनलिकेत बसवलेल्या प्लास्टिकच्या स्टेंटसाठी मी एक जाड वही ठेवली आहे. हे स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावे किंवा बदलावे लागतात, नाहीतर ते तुंबतात आणि ताप व कावीळ घेऊन रुग्ण अत्यवस्थ स्थितीत येतो. दर शनिवारी त्या वहीतून मी फोन लावते. गेल्या आठवड्यात एका शेतकरी काकांना लावला, तेव्हा त्यांच्या स्टेंटला पाच महिने होऊन गेले होते. “आता दुखत नाही, म्हणून आलो नाही सिस्टर,” असे ते म्हणाले. त्यांना सोमवारची वेळ दिली आहे, आणि सकाळी उपाशी यायचे म्हणजे उपासाचेही काही चालणार नाही आणि चहाही नको, हे त्यांच्या सुनेलाही फोनवर बोलावून सांगितले आहे.