परसातली अंजिरं आणि ओव्हन

सकाळ, ऊन चढायच्या आत

अंजीर तोडायला आलं की नाही, हे रंगावरून ठरवू नये. रंग आधी येतो, गोडी नंतर भरते, आणि काही जाती तर पूर्ण पिकल्या तरी हिरव्याच राहतात. बघायचं ते देठाकडे. कच्चं अंजीर फांदीवर ताठ उभं असतं, पिकलं की मान टाकतं. मग साल सैल पडते, तिच्यावर बारीक पांढरट चिरा उमटतात आणि बुडाच्या डोळ्याशी, म्हणजे तिथल्या बारीक छिद्राशी, कधी कधी पाकाचा थेंब दिसतो. फळ सर्वात झपाट्याने फुगतं आणि त्यात साखर भरते ती याच शेवटच्या काही दिवसांत. म्हणून दोन दिवसांची घाईसुद्धा महागात पडते. लवकर तोडलेलं अंजीर घरात मऊ पडेल, पण गोड होणार नाही. आढीत घालून पिकवायचं हे फळ नव्हे.

तोडताना खाली ओढायचं नाही. फळ देठाच्या दिशेने वर उचलून हलकेच वळवलं की सुटतं. नाही सुटलं तर सरळ कात्री लावावी आणि थोडा देठ फळावरच राहू द्यावा. देठ उपटून आला तर साल फाटते आणि फळ तिथूनच आंबायला लागतं. देठातून जो पांढरा चीक येतो तो हलक्यात घेऊ नये. चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की लाल चट्टे उठतात, फोडही येतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुणं, यात कसूर नको.

फळं पसरट ताटात, एकाच थरात ठेवायची. टोपलीत एकावर एक रचली की खालची स्वतःच्याच वजनाने फुटतात. धुवायची ती वापरायच्या वेळी. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात, त्यापुढे भरवसा नाही. डोळ्याशी फेस आला असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ते फळ आतून गेलं आहे, सरळ टाकून द्यावं. डोळा हे अंजिराचं उघडं दार. यीस्ट आणि किडे तिथूनच आत शिरतात. फळं पिकत असताना भरपूर पाऊस झाला किंवा झाडाला अचानक जास्त पाणी मिळालं तर ती तडकतात आणि चवीला पाणचट लागतात.

दुपार

निवड आता, ओव्हन लावायच्या आधी. ताज्या अंजिरात वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असतं. अंजिराचं बेकिंग फसतं ते बहुतेक वेळा या पाण्यामुळेच. म्हणून पिकलेली पण अजून घट्ट असलेली फळं टार्टसाठी (पिठाच्या उघड्या तळात सारण भरून, वर फळं मांडून भाजतात तो), आणि फुटलेली, लिबलिबीत झालेली आटवण्यासाठी. दोन्ही एकत्र कधी घालू नयेत. मऊ फळं पाणी सोडतात आणि घट्ट फळांखालचा तळही भिजवून टाकतात.

२३ सेंमीच्या टार्टसाठी मैदा २०० ग्रॅम, थंडगार लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, एक अंड्याचा बलक आणि लागेल तसं एक-दोन चमचे गार पाणी. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, रवाळ दिसलं की थांबायचं. गोळा जेमतेम बांधला गेला पाहिजे. मळत बसलं तर पोळी भाजताना आक्रसते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून ३ मिमी जाड लाटावी, साच्यात बसवून काट्याने टोचावी. वर बेकिंग पेपर घालून त्यात सुके राजमे किंवा चणे भरावेत आणि १९० अंशांवर १५ मिनिटं भाजावं. मग पेपर-कडधान्य काढून आणखी ६–८ मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. गरम तळाला अंड्याचा पांढरा हलकासा फासला की त्याचा पापुद्रा बनतो आणि रस खाली झिरपत नाही.

सारण: लोणी, साखर, बदामाची पूड प्रत्येकी १०० ग्रॅम, दोन अंडी, मैदा २० ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल. फळाचं पाणी बदामाची पूड धरून ठेवते, म्हणून हा थर वगळू नये. त्यावर ३५० ग्रॅम अंजिरं अर्धी कापून, कापलेली बाजू वर करून मांडायची. उपडी मांडली तर वाफ खाली कोंडते आणि बदामाचा थर कच्चा राहतो. १८० अंशांवर ३५–४० मिनिटं. फळांच्या कडा गडद झाल्या आणि मधला भाग बोटाने दाबून सोडल्यावर वर आला की झालं. साच्यातून काढून जाळीवर निववायचं, नाहीतर खाली वाफ धरते आणि इतका जपलेला तळ शेवटी मऊ होतो.

लिंबाची साल निव्वळ वासासाठी नाही. अंजिरात आंबटपणा फार कमी. लिंबाशिवाय भाजलेलं अंजीर नुसतं गोडमिट्ट लागतं. केकमध्ये हेच आणखी जपावं लागतं. नुसता खाण्याचा सोडा घातला तर त्याला पुरेसं आम्ल मिळत नाही, केक नीट फुगत नाही आणि साबणासारखी चव मागे राहते. दही घालावं, नाहीतर बेकिंग पावडर वापरावी.

संध्याकाळ

फुटलेली फळं आटवायला ठेवली आहेत. ५०० ग्रॅम अंजिरं, १५० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, मंद आच. पळीने तळ खरवडल्यावर रेघ क्षणभर उघडी राहिली की उतरवायचं. साखर कमी असल्यामुळे हे मुरंब्यासारखं बाहेर टिकणार नाही. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावं. बनपावात आणि बिस्किटांत भरायला उत्तम.

कस्टर्डमध्ये किंवा जिलेटिनच्या थरात अंजीर घालायचं असेल तर आधी शिजवूनच. कच्च्या अंजिरात प्रथिनं तोडणारं विकर असतं. त्यामुळे दूध फाटतं, जिलेटिन बसत नाही. उकळी आली की त्याचं काम थांबतं.

झाड सगळं एकदम देत नाही, रोज थोडं थोडं पिकतं. टार्टपुरती फळं जमेपर्यंत आधीची वाया जाऊ नयेत म्हणून ती ताटात सुटी गोठवून मग पिशवीत भरावीत. पण गोठलेलं अंजीर वितळल्यावर कोसळतं, टार्टवर मांडण्याजोगं राहत नाही. ते फक्त आटवायला, किंवा केकच्या घट्ट पिठात न वितळवता तसंच, बारीक चिरून घालायला.