हलवून घ्या

पूर्वी डॉक्टरांकडून आणलेल्या मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची एक पांढरी पट्टी डकवलेली असायची. कंपाउंडर कागदाची घडी घालून कात्रीनं कडेला खाचा पाडायचा. घडी उलगडली की सारख्या अंतरावर खाचा. एक खाच, एक डोस. वर तोंडी ताकीद: "हलवून घ्या हं." पाण्यात न विरघळणारी पूड असली की ती खाली बसते. न हलवता घेतलं तर सुरुवातीच्या खाचांत नुसतं रंगीत पाणी पोटात जातं आणि सगळं औषध साठतं शेवटच्या डोसात.

इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्याच कादंबरीतला खून या तळाच्या डोसावर बेतलेला आहे. (ज्यांची ती वाचायची राहिली असेल त्यांनी एक परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) शक्तिवर्धक औषधात तेव्हा स्ट्रिक्निन हे जहाल विष अगदी थोडं घालत. ते विरघळलेलं असतं, सारखं पसरलेलं असतं, म्हणून चालून जातं. त्याच बाटलीत झोपेसाठी दिलेल्या ब्रोमाइडची पूड पडली की स्ट्रिक्निनचं ब्रोमाइड तयार होतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही. त्याचे पारदर्शक खडे तळाशी बसतात. मग खुन्यानं त्या रात्री घरात असायचीही गरज नाही. जिचा खून व्हायचा ती बाईच रोज आपल्या हातानं एक डोस घेत तळापर्यंत पोचते.

ही युक्ती कल्पनेतून आलेली नाही, औषधशाळेच्या पुस्तकातून आली आहे. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या इस्पितळात आधी शुश्रूषेला होत्या, मग औषधं बनवायला बसल्या. १९१७ मध्ये त्यांनी त्या कामाची परीक्षाही दिली. कादंबरी छापून आली १९२० मध्ये. शिकत असताना त्यांनी पाहिलं की ज्यांच्या हाताखाली त्या शिकत होत्या, त्या औषधविक्रेत्यानं एका औषधी वड्यांच्या घाण्यात दशांशचिन्ह एक घर चुकवलंय. शंभरात एक भाग हवा, तिथे दहात एक. नवशिक्या मुलीनं पुरुषाची चूक तोंडावर कशी सांगायची? त्यांनी ठेच लागल्याचं नाटक केलं, वड्या खाली पाडल्या आणि त्यावर पाय ठेवला. वड्या पुन्हा बनवाव्या लागल्या. रहस्यकथा लिहिणाऱ्याला लागतो तो सगळा ऐवज या एका पावलात आहे: नजर, प्रमाण आणि साळसूद चेहरा.

दुसऱ्या महायुद्धात पन्नाशीच्या या बाई पुन्हा औषधांच्या खोलीत गेल्या, या वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज इस्पितळात. आठवड्यात दोन पूर्ण दिवस, तीन अर्धे दिवस आणि एकाआड एक शनिवारची सकाळ. उरलेल्या वेळात लेखन. नवरा, मॅक्स मॅलोवन, उत्तर आफ्रिकेत. रात्री बॉम्ब पडत, तरी त्या तळघरात जात नसत. जमिनीखाली गाडलं जाण्याची भीती जास्त. काचा उडाल्या तर म्हणून तोंडावर उशी, आणि शेजारच्या खुर्चीवर घरातल्या दोन मौल्यवान वस्तू: फरचा कोट आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. रबर तेव्हा मिळतच नव्हतं.

अशा दिवसांत त्यांनी दोन कादंबऱ्या एकदम लिहायला घेतल्या. कारण धंद्यातलं आहे: एकच गोष्ट सलग लिहिली की ती मध्येच शिळी होते. एक बाजूला ठेवून दुसरी घ्यायची, परत येईपर्यंत पहिली ताजी झालेली असते. त्यातल्या हेरकथेत मेजर ब्लेचली नावाचं एक कंटाळवाणं पात्र आलं आणि गुप्तहेर खात्याची झोप उडाली, कारण जर्मन सांकेतिक संदेश फोडण्याचं गुप्त काम ब्लेचली नावाच्याच गावी चालू होतं. बाईंचं उत्तर साधं होतं. तिथे त्यांची गाडी खोळंबली होती, त्याचा सूड!

गाडी खोळंबणं हे या धंद्यावरचं खरं संकट. "त्या वेळी मी चार-पन्नासच्या गाडीत होतो" हे वाक्य खरं-खोटं करायला गाडी वेळेवर यावी लागते, दिवे लागावे लागतात, टपाल पोचावं लागतं. युद्धात यातलं काहीच धड नसतं. म्हणून त्या काळातल्या त्यांच्या कितीतरी कथा शांत खेड्यात घडतात. एक तर सोळा वर्षं जुन्या खुनाकडे मागे वळते, आणि एक थेट चार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये जाते. तिथे मात्र वेगळाच त्रास. घड्याळ नाही, बोटांचे ठसे नाहीत. आणि त्या लोकांनी जेवायचं काय, कशावर बसून? हे प्रश्न विचारून त्यांनी स्टीफन ग्लॅनव्हिल या इजिप्त-अभ्यासकाला बेजार केलं.

वाचणारे कुठे बसून वाचत? लंडनमधल्या बेथनल ग्रीनच्या वाचनालयावर सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडला, तेव्हा तिथल्या अर्धवट बांधलेल्या भुयारी रेल्वेत, फळ्या ठोकून, सुमारे चार हजार पुस्तकांचं छोटं वाचनालय थाटलं. कागदाला मार्च १९४० पासून रेशन. प्रकाशकांना आधीच्या वापराच्या साठ टक्के कागद, पुढे त्याहून कमी. पुस्तकांचे समास आखडले, कागद मळकट झाला.

आणि अशा गोंगाटात वाचायला रहस्यकथा सोयीची, कारण ती खाचांनी वाचता येते. भोंगा वाजला, पान दुमडलं. चांगला लेखक दुवा पहिल्या काही पानांत फुटकळ सामानाच्या यादीत टाकून देतो, मेणाचा डाग, फुटलेला कप, आणि तो हळूहळू तळाशी बसतो. मध्येच कधीतरी पोयरो, ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर, सगळी माहिती पुन्हा मांडतो, तेव्हा बाटली हलते. फार लवकर हलवली तर चव कळून जाते. मुळीच हलवली नाही तर शेवटच्या प्रकरणात सगळं एकदम ओतावं लागतं, आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. कच्च्या लेखकांचं बहुधा हे दुसरंच होतं.

युद्धाच्या त्याच सुरुवातीच्या वर्षांत, आपण हल्ल्यात गेलो तर, म्हणून त्यांनी आणखी दोन कादंबऱ्या लिहून ठेवल्या: एक मुलगी रोझलिंडच्या नावे, एक मॅक्सच्या. दोन्हींचा भरभक्कम विमा उतरवला आणि हस्तलिखितं बँकेत ठेवली. मुलीच्या वाटणीच्या कादंबरीत पोयरो मरतो. ती बाहेर आली १९७५ मध्ये, आणि ६ ऑगस्टला न्यूयॉर्क टाइम्सनं पोयरोच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर छापली. पुढच्या जानेवारीत बाई गेल्या. मॅक्सच्या वाट्याची कादंबरी त्यानंतर, त्याच वर्षी आली.