दाभोळच्या खाडीपलीकडची बैठक: शाळांच्या सुधारणा गटात सामील होताना

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका शनिवारी आम्ही दापोलीकडचे तीन शिक्षक आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा दाभोळहून फेरीबोटीने धोपावे येथे उतरलो. गुहागर तालुक्यातील चार शाळा सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी एकत्र येऊन सुधारणेचा गट चालवतात, त्यात आम्हांला सामील व्हायचे होते. आमच्याकडे सहावी-सातवीला गणित शिकवणारा शिक्षक एकच असून त्याला काही अडले तर विचारायला शाळेत दुसरे कोणी नाही. कमी पटाच्या शाळेची ही अडचण आत राहून सुटत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सकाळची शाळा सुटल्यावर बैठक सुरू झाली. जाजमावर सातवीच्या वह्यांचे तीन गठ्ठे होते: उत्तर बरोबर असलेल्या, रीत बरोबर पण आकडेमोड चुकलेल्या आणि रीतच चुकलेल्या. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या एका वहीत ५/६ मधून १/२ वजा करून उत्तर ४/४ लिहिले होते. अंशातून अंश, छेदातून छेद. वजाबाकी करूनही उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे आले, हे त्या मुलीच्या लक्षात आले नव्हते. तिच्या बाईंनी ती वही स्वतःहून मधोमध ठेवली, तेव्हा इतर शाळांचे शिक्षक आपापल्या वह्या उघडून तशीच उदाहरणे दाखवू लागले. पुढचे दोन आठवडे चारही शाळांत कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून अपूर्णांक शिकवायचे, मग तीच पाच उदाहरणे पुन्हा द्यायची आणि गठ्ठे पुन्हा मोजायचे, असे ठरले.

आम्ही मात्र उपक्रमांच्या छायाचित्रांची जाड फाइल नेली होती. ती कोणी उघडली नाही आणि ते योग्यच झाले. तुम्ही जाल तेव्हा एकच नेमका प्रश्न आणि मुलांची नावे झाकलेल्या वह्या न्याव्यात. मुख्याध्यापकांसोबत तो विषय प्रत्यक्ष शिकवणारा शिक्षक हवाच. आधी समितीच्या सभेत ठराव करून घ्यावा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते, त्यामुळे गटाचे काम त्या आराखड्यात नोंदवता येते. केंद्रप्रमुखांना, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, लेखी कळवावे आणि त्या शाळांच्या शिक्षकांच्या दरमहा होणाऱ्या शिक्षण परिषदेतच या कामाला तासभर मागून घ्यावा, कारण आणखी एक बैठक वाढवली तर द्विशिक्षकी शाळा ती फार काळ निभावू शकणार नाही. नव्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा संकुलाचा, म्हणजे जवळपासच्या शाळांनी एकत्र येऊन काम करण्याचा, विचार कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये मांडला होता आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आहे.

आपल्याकडच्या अनेक जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंतच आहेत. मुले आठवीला ज्या माध्यमिक विद्यालयात जातात, त्याला पहिल्या दिवसापासून गटात घ्यावे, नाहीतर सातवीत सुधारलेले पुढे टिकले की नाही, हे कधीच कळणार नाही.

परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ धोपाव्याला उतरतानाच विचारून ठेवावी. बैठक ठरल्यापेक्षा हमखास लांबते.