वहिनींसमोर निघून गेलेले वाक्य

आज पाडव्याच्या जेवणानंतर दादाच्या नातीने विचारले, "आत्याआजी, तू मोडी कधी शिकलीस?" आणि माझ्या तोंडून निघून गेले, "करोनात. ती दोन वर्षे मला फार चांगली गेली." वहिनी श्रीखंडाच्या वाट्या गोळा करीत होत्या. "हो वन्सं, तुम्हाला छान जमलं ते," एवढेच म्हणून त्या आत गेल्या.

घरी येऊन चार तास झाले, तरी ते वाक्य मनातून हलत नाही.

२०२० चा पाडवा २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला होता. मंडई बंद होती. खालच्या झाडाचा कडुनिंब होता म्हणून गुढीला निदान तेवढा तरी डहाळा लाभला. पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडायचे नाही असे ठरले आणि आपण आता केवळ जपून ठेवायची वस्तू उरलो, असे वाटून मी कितीतरी दुपारी रडून काढल्या. त्याच दुपारींतली एक म्हणजे माळ्यावरचा जुन्या कागदांचा रुमाल सोडला ती. पणजोबांची मोडीतली पत्रे, आणि आपल्याच घरातले एक अक्षरही मला लागू नये!

मग फोनवरचा वर्ग लावला. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जायची; ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही, त्यामुळे एक शब्द कुठे संपला हे अर्थ लागल्यावरच कळते. सदुसष्टाव्या वर्षी मी कित्ता गिरवला. संध्याकाळी सातला दादाला फोन करून दिवसभरात लागलेल्या ओळी वाचून दाखवायची. माझे वाचणे कोणी इतके मन लावून ऐकल्याचे मला त्याआधीचे काही आठवत नाही.

दादाने मार्च २०२१ मध्ये पहिली लस घेतली. एप्रिलमध्ये तो गेला. शेवटचे तोंडही दिसले नाही. त्याविषयी आज लिहवत नाही.

मी चुकीचे बोलले का? खोटे तर बोलले नाही, आणि बोचते आहे ते तेच. ज्या दिवसांनी वहिनींचे घर रिकामे केले, त्याच दिवसांनी मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही शिकू दिले. पण ते दिवस चांगले गेले ते दादा फोनच्या पलीकडे होता म्हणून, आणि वाक्याचा हा अर्धा भाग मी वहिनींसमोर गिळला. शिकत मी एकटीच नव्हते, दादाही होता, हे नातीला सांगायला हवे होते.

दादाला ऐकवायचे राहिलेले पत्र १८९७ चे आहे. पणजोबांनी पुण्याहून थोरल्या भावाला 'शिरसाष्टांग नमस्कार' घालून प्लेगची बातमी लिहिली आहे, कोण गेले ते लिहिले आहे, आणि लगेच खालच्या ओळीत म्हशीचे किती आले अशी चौकशी केली आहे. पूर्वी मला ती ओळ निर्दय वाटली होती. आज दोनदा वाचली, तेव्हा तशी वाटली नाही.

उद्या वहिनींकडे जाईन. आधी क्षमा मागायची की आधी पत्र वाचून दाखवायचे, हे ठरलेले नाही. रुमाल मात्र पिशवीत घालून ठेवला आहे.