सर्व्हर हलवण्याआधीचं काम

विंडोज सर्व्हर 2012 आर2 या ऑपरेटिंग सिस्टिमला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपला. एस्क्यूएल सर्व्हर 2012 या डेटाबेस सॉफ्टवेअरचा त्याआधीच, 12 जुलै 2022 ला संपला होता. आमच्या कंपनीचे हिशेब, गोदामाचा साठा, ऑर्डरी आणि पगार, सगळं याच दोघांवर चालायचं. पैसे भरून पुढची तीन वर्षं सुरक्षेचे पॅच घेण्याची सोय होती, पण खालचं हार्डवेअरही थकलेलं. तेव्हा क्लाउडवर, विंडोज सर्व्हर 2022 आणि एस्क्यूएल सर्व्हर 2022 वर जायचं ठरलं आणि नियोजन माझ्याकडे आलं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता: किती वेळ बंद राहणार? माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. कोणता सर्व्हर कोणाशी बोलतो? याचं खात्रीचं उत्तर हाती येईपर्यंत तारीख द्यायची नाही, हे मी ठरवून टाकलं आणि त्यावर ठाम राहिलो.

मालमत्तेच्या नोंदवहीत सर्व्हरची यादी होती, पण यादीतून नातं कळत नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर कोणत्या आयपीवरून (नेटवर्कवरचा पत्ता), कोणत्या पोर्टवर (त्या पत्त्यावरचं दार), कोणत्या प्रोसेससाठी (चालू प्रोग्राम) कनेक्शन येतं-जातं, ते ठरावीक अंतराने टिपून ठेवायला लावलं. अशी टूल्स क्लाउड कंपन्या देतात, साध्या स्क्रिप्टनेही भागतं. मुद्दा टूलचा नाही, कालावधीचा आहे. आठवडाभराची नोंद पाहून समाधान मानू नये. व्यवसायाचं चक्र महिन्याचं असतं, काही कामं तिमाहीची असतात. आमच्या यादीत एका सर्व्हरपुढे ‘वापरात नाही’ असा शेरा होता आणि त्यावर खरंच कोणी लॉगिन करत नव्हतं. महिनाअखेरीच्या रात्री मात्र त्याच्यावरून पगाराच्या डेटाबेसला एक कनेक्शन गेलेलं दिसलं. एक शेड्यूल्ड टास्क पगाराची रक्कम बँकेला हव्या त्या फॉरमॅटच्या फाइलमध्ये काढून शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवत होता. ज्यांनी तो बसवला ते कंपनी सोडून गेलेले. दोन आठवड्यांत नोंद थांबवली असती, तर तो सर्व्हर बिनदिक्कत बंद झाला असता.

या नोंदींवरून गट पाडले. जे एकमेकांशी सतत बोलतात ते एकाच रात्री हलणार. इथे आमच्यात बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, आधी डेटाबेस हलवू, अ‍ॅप्लिकेशन महिन्याभराने, म्हणजे जोखीम विभागली जाईल. ऐकायला बरोबर वाटतं. मी साठ्याचा एक रिपोर्ट उघडून दाखवला. तो प्रत्येक मालासाठी वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) टाकतो, एकदा चालवला की साधारण दोन हजार क्वेरी. एकाच नेटवर्कमध्ये एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे सगळ्या मिळून एक सेकंद. क्लाउडपर्यंतची फेरी 25 मिलिसेकंदांची धरली, तर तोच रिपोर्ट नुसत्या येण्याजाण्यात 50 सेकंद खातो. लाइनचा वेग वाढवून हे सुटत नाही, कारण अडचण अंतराची आहे. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर वाद मिटला: अ‍ॅप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस एकत्रच हलणार.

नव्या सर्व्हरचा आकार ठरवताना ‘जुन्यावर जेवढं होतं तेवढंच द्या’ ही सूचना हमखास येते. जुनी मशीन पाच-सहा वर्षांची वाढ धरून घेतलेली असतात. क्लाउडवर आकार नंतर बदलता येतो, म्हणून महिनाभराचा प्रत्यक्ष वापर पाहून, सरासरी नव्हे तर गर्दीच्या तासांतला आकडा धरून आम्ही आकार निवडले. एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. डिस्क कितीही वेगवान घेतली तरी व्हर्च्युअल मशीनची स्वतःची एक मर्यादा असते, त्यापलीकडे डिस्कचा वेग मिळत नाही. आणि रिकाम्या वेळेत क्रेडिट साठवून ते खर्चून वेग देणारी स्वस्त मशीन रात्रभर चालणाऱ्या बॅचच्या कामाला देऊ नयेत. क्रेडिट संपलं की ती मंदावतात किंवा जादा वापराचं बिल लावतात, आणि तेही नेमकं काम जोरात असताना.

डेटा नेण्याचं गणित सोपं आहे. 100 एमबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली तरी एक टीबी जायला सुमारे 22 तास लागतात, आणि पूर्ण लाइन कोणालाच मिळत नाही. म्हणून पूर्ण बॅकअप आधीच नेऊन नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करून ठेवला, पण डेटाबेस उघडला नाही. पुढचे लॉग बॅकअप (त्यानंतरच्या बदलांची नोंद) त्यावर चढत राहिले. शेवटच्या रात्री जुन्या सर्व्हरवर नोंदी थांबवून फक्त शेवटचा लॉग न्यायचा होता.

डेटाबेस रिस्टोअर झाला म्हणजे सगळं आलं असं नसतं. लॉगिन एस्क्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या मास्टर डेटाबेसमध्ये असतात, रात्री आपोआप चालणारे जॉब त्याच्या एमएसडीबी डेटाबेसमध्ये. ते वेगळे न्यावे लागतात, आणि लॉगिन नेताना त्याचा मूळ अंतर्गत ओळख क्रमांक, म्हणजे एसआयडीही न्यावा लागतो. नाहीतर डेटाबेसमधला यूजर तसाच राहतो, पण त्याला लॉगिन सापडत नाही. कम्पॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे डेटाबेसने कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते, आम्ही मुद्दाम जुनीच, 2012 ची 110, ठेवली. 2014 पासून क्वेरीला किती ओळी लागतील याचा अंदाज बांधण्याची पद्धत बदलली आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं नीट चाललेली क्वेरी अचानक रखडू शकते. आधी नव्या सर्व्हरवर क्वेरी स्टोअर (क्वेरी कशा चालल्या याची नोंद ठेवणारी सोय) चालू करून जुन्या लेव्हलचे प्लॅन (क्वेरी चालवण्याच्या पद्धती) जमा केले, काही आठवड्यांनी 2022 च्या 160 वर गेलो. दोन क्वेरी मंदावल्या, त्यांना जुना प्लॅन सक्तीने लावला.

ट्रायल रनमध्ये छोट्या गोष्टींनी जास्त वेळ घेतला. नवीन मशीनचं घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) होतं, त्यामुळे रात्रीचे जॉब भलत्याच वेळी लागले. पोर्ट 25 वरून मेल बाहेर जात नव्हते, कारण बहुतेक क्लाउडवर ते पोर्ट मुळातच बंद असतं. मेलसाठी 587 वरून रिले (मेल पुढे पोचवणारा सर्व्हर) घ्यावा लागला. जुने स्कॅनर शेअर्ड फोल्डरमध्ये फाइल टाकेनात, कारण ते एसएमबी 1 (फाइल शेअर करण्याची जुनी भाषा) बोलतात आणि नव्या विंडोजमध्ये ते बसवलेलंच नसतं. ‘तेवढं चालू करून टाका ना’ असा आग्रह झाला. मी नकार दिला. सुरक्षेसाठी नव्या सर्व्हरवर जायचं आणि सर्वांत धोकादायक दार उघडं ठेवायचं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. स्कॅनर मेलवर फाइल पाठवू लागले. शिवाय कित्येकांच्या एक्सेल फायलींत जुन्या सर्व्हरचा आयपी थेट लिहिलेला होता. त्या शोधून आयपीच्या जागी नाव घातलं. त्या नावाचा डीएनएस टीटीएल (नावाचा पत्ता बाकीच्या मशीननी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) कटओव्हरच्या (नव्या सर्व्हरवर प्रत्यक्ष जाण्याच्या) आधी काही दिवस 300 सेकंदांवर आणून ठेवला.

परतीची वाट हा नियोजनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग, असं मी मानतो. नव्या सर्व्हरवर पहिली खरी नोंद पडली की मागे जाणं जवळपास अशक्य होतं, कारण ती नोंद जुन्या सर्व्हरवर नसते. म्हणून त्या क्षणाच्या आधी एक वेळ ठरली: पहाटे चार. तोवर तपासण्या पूर्ण नसतील तर चर्चा न करता परत फिरायचं. निर्णय कोण घेणार, हेही कागदावर आलं. हिशेब विभागाच्या मॅडमना मी सांगितलं, “तुम्ही सकाळी आलात तर चालेल, आम्ही रात्री सगळं तपासू.” त्या म्हणाल्या, “सर्व्हर चालू आहे हे तुम्ही सांगा. पण दोन्हीकडचा ट्रायल बॅलन्स जुळतोय हे मी पाहिल्याशिवाय कोणालाही एंट्री करू देणार नाही.” त्या रात्री त्या थांबल्या. दोन्हीकडून ट्रायल बॅलन्सची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या तक्त्याची, प्रिंट काढून शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवलं, मग गोदामाचा साठा, मग प्रलंबित ऑर्डरी. तिन्ही कागदांवर त्यांनी सही केल्यावरच मी फायरवॉल उघडली. सर्व्हरवरचे हिरवे दिवे पाहून कटओव्हर संपवू नये. आकडे ज्यांच्या जबाबदारीचे आहेत, त्यांची सही हवी.

सगळंच क्लाउडवर गेलेलं नाही. लेबल छापणारा सर्व्हर गोदामातच ठेवला, कारण इंटरनेट गेलं तरी गाडी लोड व्हायला हवी. यूएसबी डोंगलवर (मशीनला जोडायच्या छोट्या उपकरणावर) लायसन्स असलेलं एक जुनं सॉफ्टवेअरही विक्रेत्याची नवीन आवृत्ती येईपर्यंत आहे तिथेच राहील, मात्र त्याला बाहेरचं नेटवर्क नाही. बाकीचे जुने सर्व्हर वर्षअखेरीचं ऑडिट होईपर्यंत बंद करून ठेवले आहेत. ते झालं की शेवटचा बॅकअप एकदा रिस्टोअर करून पाहायचा आणि मगच डिस्क पुसायला द्यायच्या.