मिरच्या, मुसळ, देवी आणि काकूंचा फोटो

कांडपवाल्या काकूंच्या लोगोचं आज एकदाचं ठरलं. काकूंची यादी मोठी: मिरच्या, उखळ-मुसळ, देवीचा मुखवटा, शिवाय "माझा फोटोपण बसव की रे कोपऱ्यात". लोगो की लग्नपत्रिका!

वाद घालत बसलो नाही. सगळं कोंबलेलं डिझाइन पाव किलोच्या पुडीवरच्या स्टिकरएवढं छापलं आणि त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावला, लांब धरलं, जवळ आणलं. "ही गांडुळं कसली?" त्या मिरच्या होत्या.

मग गाडी रुळावर आली. एकच मिरची आणि नाव. फोटो दुकानाच्या बोर्डावर, तिथं तो शोभतोही. खरा घाम अक्षरांनी काढला. नावात 'लक्ष्मी' आहे (कोल्हापुरात दुसरं काय असणार!) आणि बारीक छपाईत 'क्ष्म'चा शाईनं पार गोळा होतो. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' फॉन्ट घेतला, फुकट मिळतो आणि गुबगुबीत आहे. तरी 'क्ष'च्या पोटातली जागा हातानं वाढवावी लागली.

रंग एकच, लाल. रंग वाढला की छपाईचा खर्च वाढतो आणि पावतीवरचा रबरी शिक्का तर एकरंगीच. स्टेट बँकेचं ते निळं वर्तुळ बघा, शेखर कामतांनी १९७१ साली केलेलं. पासबुकावर असो की पाटीवर, लगेच ओळखू येतं.

बिलावर घासाघीस झालीच. निम्मे रोख, निम्म्याची कांदा-लसूण चटणी. कुणाला हवी असेल तर सांगा, घरात ठेवायला जागा नाही.